दिव्यांग प्रमाणपत्रासाठी डॉक्टरांकडून कोणते कागद घ्यावेत आणि कसे

दिव्यांगत्वाचे टक्के तुमचे नेहमीचे डॉक्टर ठरवत नाहीत. ते पुण्यातल्या ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारने अधिकार दिलेल्या ठिकाणी ठरतात. खासगी डॉक्टरांच्या लेटरहेडवर ‘६० टक्के दिव्यांग’ असं लिहून घेतलं, तरी त्यावर ना संजय गांधी योजनेचा अर्ज मंजूर होतो ना आयकरात सवलत मिळते. मग नेहमीच्या डॉक्टरांचा उपयोग काय? भरपूर आहे. ससूनचे डॉक्टर तुम्हाला काही मिनिटं बघणार. त्याआधीची दोन-पाच वर्षं त्यांना फक्त तुमच्या फाईलमधून दिसणार.

आधी कशासाठी हवंय ते बघा

बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे आणि २०२५ मध्ये दरमहा रक्कम १,५०० वरून २,५०० रुपये झाली. आयकराच्या जुन्या पद्धतीत ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० ची. या सगळ्याचं मूळ एकच, यूडीआयडी क्रमांक (दिव्यांगांचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) असलेलं दिव्यांग प्रमाणपत्र.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला आहे, तर नियमाप्रमाणे ३० टक्केच धरतात. अशा वेळी डॉक्टरांच्या मागे लागून काही हाती लागत नाही.

जुने कागद गोळा करा

डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, एमआरआयचा रिपोर्ट, ओपीडीचे केस पेपर, फिजिओथेरपीच्या नोंदी, सगळं काढा. घरात नसेल तर रुग्णालयाकडे लेखी अर्ज करा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. काउंटरवर तोंडी विचारलं की ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकायला मिळतं, पोच मागितली की आवाज बदलतो. मात्र उशीर करू नका, कारण दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी जपण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं आहे.

ऐकण्याच्या तपासणीचा किंवा ईसीजीचा गुळगुळीत कागद असेल तर त्याची आजच झेरॉक्स काढा. तो छाप वर्षा-दोन वर्षांत उडतो आणि हातात कोरी पट्टी उरते. मूळ कागद लॅमिनेट करू नका, उष्णतेने असा कागद काळा पडतो.

डॉक्टरांकडे जाण्याआधी अर्धं पान लिहा

खरं काम इथे आहे. आपल्याकडे डॉक्टरांनी ‘काय, कसं आहे?’ विचारलं की तोंडातून आपोआप येतं, ‘बरं आहे आता.’ घरी बायको शर्टाची बटणं लावून देत असते, पण समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आपण बरंच सांगतो. डॉक्टर केस पेपरवर लिहितात, ‘प्रकृतीत सुधारणा’. असे दहा केस पेपर फाईलमध्ये लागले की तपासणीच्या दिवशी तेच तुमच्या विरुद्ध बोलतात.

म्हणून घरी बसून, घरच्यांना विचारून अर्ध्या पानावर लिहा. आजाराचं नाव लिहायची गरज नाही, ते डॉक्टरांना माहीत आहे. काय होत नाही ते लिहा. पीएमपीच्या बसची पायरी एकट्याने चढता येते का? भारतीय पद्धतीच्या संडासात बसून उठता येतं का? कणीक मळता येते का, की पाच मिनिटांत हात गळतो? साडी कोण नेसवतं? फोनवरचं बोलणं कळतं का? किती चाललं की थांबावं लागतं, तेही कुठून कुठपर्यंत ते सांगा: ‘घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मध्ये एकदा टेकून.’ हे केव्हापासून आहे आणि औषधाने किती फरक पडतो, हेही दोन ओळींत टाका.

वाढवून लिहू नका. अस्थिरोगतज्ज्ञ सांधा किती वाकतो ते अंशात मोजतो आणि बोलता बोलता तुम्ही खुर्चीतून कसे उठता तेही बघतो. शिवाय खोटेपणाने लाभ घेतला तर दिव्यांग हक्क कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

डॉक्टरांना काय मागायचं

‘यांचं साठ टक्के लिहून द्या ना’ हे वाक्य टाळा. डॉक्टर लगेच सावध होतात, आणि त्यांचंही चुकत नाही. त्याऐवजी म्हणा, ‘डॉक्टर, दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज करतोय. तपासणीत तुम्हाला काय आढळलं आणि रोजच्या कामात काय अडतं, एवढं लेटरहेडवर द्याल का? मी थोडं लिहून आणलंय.’ आणि ते अर्धं पान पुढे करा. गर्दीच्या वेळी हा विषय काढू नका. दवाखान्यातल्या ताईंना आधी फोन करून यासाठी वेगळी वेळ मागा. काही डॉक्टर पत्राची वेगळी फी घेतात, ती रास्त असेल तर द्यावी.

पत्र घाईत लिहिलं तर असं येतं: ‘हे माझ्याकडे उपचार घेत असून दिव्यांग आहेत.’ हे निरुपयोगी आहे. उपयोगी पत्र असं असतं: ‘मार्च २०२३ मध्ये मेंदूत रक्तस्राव, उजव्या अंगाचा अर्धांगवायू. आठ महिने फिजिओथेरपी झाली. आज उजव्या हाताची पकड अत्यंत कमकुवत, चालताना काठी लागते, जिना आधाराशिवाय चढता येत नाही. गेल्या वर्षभरात लक्षणीय सुधारणा नाही, पुढे होण्याची शक्यता कमी.’ शेवटचं वाक्य विसरू नका, कारण प्रमाणपत्र कायमचं द्यायचं की तात्पुरतं हे त्यावरून ठरायला मदत होते. पत्रावर तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. इंग्रजीत असलं तरी चालतं.

कोणत्या त्रासाला कोणता कागद

मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारात केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात की आजाराचं नव्हे, त्याच्या परिणामांचं मोजमाप करायचं. पक्षाघातानंतर किमान सहा महिने जाऊ द्यावे लागतात, त्याआधी गेलात तर खेप फुकट जाते.

बहिरेपणासाठी दोन्ही कानांचा ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं त्याचा आलेख, लहान मुलांना बेरा चाचणी, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात त्याची तपासणी. दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त ऱ्हास म्हणजे कर्णबधिर, ६० ते ७० म्हणजे ऐकू कमी येणारे. डोळ्यांसाठी चष्मा लावून दोन्ही डोळ्यांची नजर आणि गरज असेल तर दृष्टिक्षेत्राची तपासणी. बौद्धिक दिव्यांगत्वाला बुद्ध्यांक चाचणी.

मानसिक आजाराबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण तिथे एक्स-रे नसतो. तिथे आयडियाज नावाची मोजपट्टी वापरतात. ती स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद व समज आणि काम या चार गोष्टी बघते, शिवाय आजार किती काळ आहे ते. म्हणून मागच्या किमान दोन वर्षांचे केस पेपर फार मोलाचे. औषधाच्या चिठ्ठ्या फेकून देत असाल तर आजपासून थांबा. आणि सोबत घरातलं असं माणूस न्या जे रोजचं खरं सांगेल. रुग्ण स्वतः ‘मला काही झालेलं नाही’ म्हणण्याची शक्यता बरीच असते.

अर्ज आणि तपासणीचा दिवस

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो आणि रुग्णालय निवडायचं असतं. कोणत्या विभागाची तपासणी कोणत्या वारी आहे ते त्या रुग्णालयात विचारूनच निघा.

फाईल तारखेच्या क्रमाने लावा, डॉक्टरांचं नवं पत्र सगळ्यात वर. मूळ कागद दाखवा, जमा करायला झेरॉक्स द्या. एक्स-रेच्या फिल्म पाकिटासकट न्या. काठी, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार), श्रवणयंत्र, जे रोज वापरता ते घेऊनच जा, चारचौघांत बरं दिसावं म्हणून काठी घरी ठेवू नका.

टक्के कमी आले तर

निर्णय पटला नाही तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. अपिलात ‘अन्याय झाला’ एवढंच लिहून भागत नाही. प्रमाणपत्रात काय सुटलंय ते शोधा, मग तुमच्या डॉक्टरांकडे परत जाऊन फक्त तेवढ्या मुद्द्यावर नवी तपासणी आणि नवं पत्र घ्या. उदाहरणार्थ, पायाचे टक्के मोजले पण हाताची पकड बघितलीच नाही, तर पत्र हाताचं हवं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि ती संपायच्या दोन-तीन महिने आधी डॉक्टरांकडून ताजं पत्र घ्या.