‘दॅट’च्या पुढचं ‘शुड बी’ : इंग्लिश अर्ज लिहायला बसण्याआधी

इंग्लिशमध्ये अर्ज लिहायचा म्हटलं की आपल्याकडची पोरं स्पेलिंगला घाबरतात, पण खरी गाडी अडते ती ‘दॅट’च्या पुढं. माझीपण तिथंच अडली होती. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला होतो, गल्लीत त्यातल्या त्यात शिकलेला मीच, त्यामुळं फुटलेल्या गटारीचा अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं आणि मी ठोकून दिलं, ‘इट इज रिक्वेस्टेड दॅट द गटर शुड रिपेअर इमिजिएटली.’ टेबलामागच्या साहेबांनी वाचलं, चष्मा वर केला आणि कन्नडमध्ये म्हणाले, ‘गटार एन रिपेअर माडतैति, तम्मा?’ गटार काय रिपेअर करणार रे बाबा. मागं लाईनीत उभे असलेले सगळे हसले. तेव्हापासनं क्लासला येणाऱ्या पोरांची ही तयारी मी आधी करून घेतो, बाकी ग्रॅमर मग.

सगळ्यात आधी काय करायचं तर पेन बाजूला ठेवून तेच वाक्य मराठीत म्हणायचं. फॉर्म भरावा, सही करावी, पैसे भरावेत. बघा की, क्रियापद कुणाप्रमाणं बदलतंय? फॉर्म, सही, पैसे यांच्याप्रमाणं. भरणारा माणूस वाक्यात नाहीच आणि आपल्याला त्याची आठवणपण येत नाही. मराठीत हे इतकं सहज होतं की आपण कर्मणी प्रयोगात बोलतोय हे कळतच नाही, आणि तेच इंग्लिशमध्ये उतरवताना ‘फॉर्म शुड फिल’ होतं, म्हणजे फॉर्मच काहीतरी भरायला बसलाय. तर मग स्वतःला विचारायचं, काम करणारा माणूस वाक्यात आहे का? नसेल आणि ज्याच्यावर काम होतंय तेच पुढं आलं असेल, तर ‘शुड’नंतर ‘बी’ आणि त्याच्यानंतर व्ही-थ्री, म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप. हेच इंग्लिशचं पॅसिव्ह. ‘द फॉर्म शुड बी फिल्ड.’ हा ‘बी’ गाळला की गटारच मिस्त्री होते.

मग व्ही-थ्रीची यादी. सगळी पाठ करायची गरज नाही, अर्जात लागणारी पंधरा-वीस पुरतात. रिपेअर्ड, सबमिटेड, अप्रूव्ह्ड, इश्यूड ही सरळ आहेत, फसवतात ती गिव्हन, टेकन, पेड, सेंट, बिल्ट, आणि जराही न बदलणारी कट नि पुट. ‘शुड बी गेव्ह’ लिहिणारी पोरं माझ्याकडं दरवर्षी येतात. ‘शुड बी सबमिट’ तर विचारूच नका. आणि ‘हॅपन’, ‘ऑकर’, ‘अराइव्ह’ असल्या क्रियापदांचं पॅसिव्ह होतच नाही, कारण त्यांना कर्मच नसतं, त्यामुळं ‘इट शुड बी हॅपन्ड’ दिसलं की काट मारायची.

आता ‘दॅट’ची जागा. इथं आपल्या बेळगावी बोलण्याचा घोळ आहे, आणि मला तो लय आवडतो. आपण काय म्हणतो, ‘उद्या या म्हणून सांगितलंय.’ कन्नडमध्ये पण तसंच, ‘नाळी बा अंत हेळ्यार.’ आधी निरोप, मग ‘म्हणून’ किंवा ‘अंत’, आणि सांगणारं क्रियापद शेवटी. इंग्लिशची बस उलट्या बाजूनं येते. आधी ‘ही सेड’, मग ‘दॅट’, आणि निरोप मागनं. म्हणून लिहिताना अगोदर सांगणाऱ्याचं क्रियापद ठरवा, कारण ‘दॅट’च्या पुढं काय यायचं हे तेच ठरवतंय.

हे क्रियापद दोन जातीचं असतं, आणि तयारीचा निम्मा वेळ इथं गेला तरी चालेल. पहिल्या जातीत मागणी, सल्ला, हुकूम येतो : रेकमेंड, डिमांड, रिक्वेस्ट, ऑर्डर, प्रपोज. त्यांच्यासारखंच ‘इट इज नेसेसरी दॅट’ आणि ‘इट इज एसेन्शियल दॅट’. यांच्यापुढं ‘शुड बी’ लिहा किंवा ‘शुड’ काढून नुसतं ‘बी’ ठेवा, दोन्ही बरोबर. ब्रिटिश लोक ‘शुड बी’ जास्त वापरतात, अमेरिकन नुसतं ‘बी’. आपल्याला याच्याहून जवळचं उदाहरण दुसरं कुठलं मिळणार : महाराष्ट्र-मैसूर सीमावादावरचा १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल. ‘द कमिशन रेकमेंडेड दॅट २६४ व्हिलेजेस बी ट्रान्सफर्ड टू महाराष्ट्रा.’ निपाणी, खानापूर त्यातच होते, आणि बेळगावबद्दल, ‘दॅट बेळगाव बी रिटेन्ड इन मैसूर’, म्हणजे आताच्या कर्नाटकात. त्या शिफारशी बरोबर की चूक हा वाद तुम्ही टपरीवर चहा पिताना घाला, मी पण येतो, पण वहीत एवढंच बघा की ‘रेकमेंडेड’ भूतकाळातलं असूनपण पुढं ‘वेअर’ आलं नाही, ‘बी’च राहिलं. कारण गावं गेली असं कुणी म्हणत नाहीये, जावीत असं म्हणतंय. मराठीत ‘गेली’ आणि ‘जावीत’ यांत जो फरक, तोच.

दुसऱ्या जातीत नुसती बातमी असते : से, टेल, नो, रिपोर्ट. इथं नुसतं ‘बी’ चालत नाही, मोडल (‘कॅन’, ‘विल’, ‘मे’, ‘शुड’, ‘मस्ट’ असली साहाय्यक क्रियापदं) ज्याच्या त्याच्या अर्थानं येतंय, आणि सांगणारं क्रियापद भूतकाळात असेल तर साधारण ‘कॅन’चं ‘कुड’, ‘विल’चं ‘वुड’, ‘मे’चं ‘माइट’ होतं. ‘ही सेड दॅट द फॉर्म कुड बी फिल्ड ऑनलाइन.’ ‘शुड’ तसंच राहतं. ‘मस्ट’ पण राहू शकतं, नाहीतर ‘हॅड टू बी’ करा. ‘सजेस्ट’ आणि ‘इन्सिस्ट’ मात्र दोन्हीकडचे पाहुणे आहेत. ‘ही सजेस्टेड दॅट द ब्रिज बी क्लोज्ड’ म्हणजे पूल बंद करा असं सुचवलं. ‘द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट द ब्रिज वॉज डॅमेज्ड’ म्हणजे पूल खराब झालेला असं अहवालावरनं दिसतंय, इथं ‘शुड’ घातलं तर पूल मोडा असा सल्ला होतोय! अर्थ बघून ठरवा, पाठांतरावर जाऊ नका.

मोडल कुठलं घ्यायचं हेपण बसण्याआधीच ठरवा, कारण आपलं ‘पायजे’ आणि कन्नडचं ‘बेकु’ सगळ्याला पुरतं, इंग्लिशमध्ये ते वाटून दिलंय. ‘मस्ट बी’ म्हणजे नियम, सुटका नाही. ‘शुड बी’ म्हणजे करणं योग्य. ‘शॅल बी’ टेंडर नि करारात. ‘मे बी’ परवानगीचं, आणि आपल्या ऑफिसातलं जुनं लाडकं ‘इट इज रिक्वेस्टेड दॅट द लीव्ह मे काइंडली बी ग्रांटेड’ याच्यातलंच. थोडं जुनाट वाटतं, पण रजेच्या अर्जात मी अजून तेच लिहितो, साहेब लोकांना बरं वाटतं. तक्रारीत मात्र ‘मस्ट’ घालू नका, अर्ज देणारा तुम्ही आहात, हुकूम सोडणारे नाही. आणि ‘आय रिक्वेस्ट यू दॅट’ अशी खिचडी नको : एकतर ‘आय रिक्वेस्ट यू टू रिपेअर द गटर’, नाहीतर ‘आय रिक्वेस्ट दॅट द गटर बी रिपेअर्ड’.

वेळ निघून गेलेली असेल तर ‘शुड हॅव बीन’. ‘वी फील दॅट द वर्क शुड हॅव बीन कम्प्लीटेड बिफोर द रेन्स.’ आपल्याकडं जूनमध्ये पाऊस लागला की हे वाक्य रोज लागतंय. इथं ‘बीन’, आणि बाकी ठिकाणी ‘बी’, ‘शुड बीन’ असं काही नसतं.

नकार असेल तर नुसत्या ‘बी’च्या आधी ‘नॉट’ : ‘दॅट द रोड नॉट बी डग अगेन’. ऐकायला विचित्र वाटतं ना? मग सरळ ‘शुड नॉट बी डग’ लिहा, कुणी मार्क कापत नाही.

कच्चं लिहून झालं की लाल पेन घ्या आणि बाकी काही न वाचता फक्त ‘दॅट’ला गोल करत जा. प्रत्येक गोलाच्या मागचं क्रियापद मागणीचं की बातमीचं, पुढं मोडल किंवा मागणीचं नुसतं ‘बी’ आहे का, मोडल असेल तर त्याच्यानंतर ‘बी’ आहे का, शेवटी व्ही-थ्री आहे का. एका अर्जात तीन-चारच गोल येतात, दोन मिनिटांचं काम. मग फेअर कॉपी काढा, तारीख टाका, दोन झेरॉक्स करा आणि एकीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. माझ्या त्या गटारीच्या अर्जाची पोच मी हसण्याच्या नादात घ्यायलाच विसरलो होतो, आणि दुसऱ्यांदा गेलो तेव्हा असा अर्ज आलाच नाही म्हणून सांगितले.