आधी चाखा, मग मीठ

ज्या बाईंकडे मी स्वयंपाक शिकले, त्या माझ्या हातातला मिठाचा डबा हळूच काढून घ्यायच्या. "आधी चाखून बघ, नेमकं काय कमी आहे ते सांग," म्हणायच्या. चव फिकी लागली की आपला हात मिठाकडेच जातो, पण पुष्कळदा कमी पडलेलं असतं आंबट. म्हणून थोडा पदार्थ वाटीत वेगळा काढा, त्यात लिंबाचे 2 थेंब पिळा आणि चाखा. चव खुलली, तर भांड्यातही लिंबू घाला. नाही खुलली, तर मग चिमूटभर मीठ. बिघडलंच तर वाटीतलं तेवढंच बिघडतं. मला त्यांची ही वाटीची सवय फार मोलाची वाटते.

रस आटवायचा असेल तर सुरुवातीला मीठ हात राखूनच घाला, कारण पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं. कडवटपणावर साखरेआधी किंचित मीठ घालून बघा, तो दबतो. खारट झालं, तर पाणी घाला किंवा बिनमिठाचा तोच पदार्थ त्यात मिसळा. साखरेने खारटपणा फक्त झाकला जातो, मीठ काही कमी होत नाही.

ताट वाढतानाही त्या हेच बघायच्या: तिखटाशेजारी काहीतरी सौम्य, मऊशेजारी काहीतरी कुरकुरीत.