जिरे-गुळाचा हुकलेला फोटो आणि पहिले दीड हजार

दोन दिवस, दीड हजार रुपये, जेवण कार्यालयात. माझी पहिली ऑर्डर एवढ्या बोलण्यावर ठरली. आमच्याकडे लग्नाचे फोटो काढण्याच्या कामाला 'ऑर्डर'च म्हणतात, हे आधीच सांगून ठेवते. 'असाइनमेंट' वगैरे म्हणालात तर समोरचा आधी तुमच्या तोंडाकडे बघेल, मग कॅमेऱ्याकडे.

कॅमेरा चुलतभावाचा, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा. त्यासोबतची १८-५५ ही झूम लेन्स आणि शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशांतली, कमी उजेडातही चालणारी ५० एमएम १.८ लेन्स, एवढाच संसार. ज्यांच्या हाताखाली गेले ते अण्णा रिळाच्या काळापासून सोलापुरात लग्नाचे फोटो काढतात. स्टेजवरचं ट्रॅडिशनल, म्हणजे विधींचे आणि उभं करून काढायचे फोटो त्यांच्याकडे; कँडिड, म्हणजे नकळत टिपायचे फोटो माझ्याकडे. "आणि नवरीच्या खोलीत तू जा. तिथं मला कोण आत घेत नाही," असं म्हणाले. मुलींनी या धंद्यात यावं का, असं मला मेसेज करून विचारणाऱ्यांना मी हेच वाक्य सांगते. त्या खोलीत गजरा माळताना, साडीच्या निऱ्या धरताना जे फोटो मिळतात ते बाहेर उभ्या असलेल्या तिघा पुरुषांना मिळत नाहीत. दुसऱ्या बाजूला, "फोटोग्राफर कुठाय?" हा प्रश्न गळ्यात कॅमेरा असतानाही मला त्या दिवशी चारदा विचारला गेला.

लग्न मे महिन्यातलं, अक्कलकोट रोडकडच्या एका कार्यालयात. घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू बोलणारं, पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातलं. मला वाटलं, लग्न म्हणजे लग्न. अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता, मग हार. क्रम तोंडपाठ होता. अक्षता पडताना सगळे हात वर जातात आणि नवरा-नवरी झाकली जातात, म्हणून मी आधीच स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात जागा धरून ठेवलेली. मुहूर्त १२.३५ चा. मधे पडदा धरला गेला, भटजींचे मंत्र सुरू होते, मंगळसूत्राला अजून वेळ आहे असं समजून मी खाली वाकून लेन्स बदलायला घेतली. तेवढ्यात वाजंत्री एकदम चढली. मान वर केली तर दोघांचे हात एकमेकांच्या डोक्यावर. हातात जिरे-गुळाचा गोळा, विड्याच्या पानावर. मुहूर्ताची घटका तीच. तेलुगू लग्नात सगळं घर ज्या क्षणाची वाट बघतं तो हाच, आणि माझ्या एका हातात लेन्स, दुसऱ्या हातात तिचं झाकण.

अण्णांनी समोरून टिपला होता, म्हणून वाचले. ते काही बोलले नाहीत. लाइट धरणाऱ्या पोराला मात्र ओरडले, "काय करायलास बे? लाइट वर धर!" त्यातलं निम्मं मला होतं हे कळायला वेळ लागला नाही. नंतर दोघं एकमेकांच्या डोक्यावर तांदळाच्या ओंजळी ओततात, ती तलंब्रालूची धमाल मला चांगली मिळाली. नवरीने पूर्ण ताट उपडं केलं तेव्हा नवऱ्याच्या तोंडावरचे भाव, अजून माझ्या नमुन्याच्या फोटोंत पहिल्या पानावर आहेत.

तेव्हापासून ऑर्डर घेतली की पहिला फोन मुलीच्या आईला किंवा आत्याला. कॅमेऱ्याचा विषयच नाही. "तुमच्यात काय काय असतं, कशानंतर काय?" एवढंच विचारते आणि वहीत लिहून घेते. सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी चार घरं सापडतील आणि चारही घरांचा क्रम वेगळा. निकाह असेल तर बायकांच्या बाजूचे फोटो काढायचे की नाहीत, कोणी काढायचे, हेही आधीच विचारायचं. त्या फोनवर माणसं खूश होऊन बोलतात. अर्धा तास जातो, जाऊ द्या.

आता तांत्रिक. कार्यालयाच्या छताला लाल-गुलाबी कापड होतं. घरच्या पांढऱ्या भिंतीवर सराव केल्यामुळे मी फ्लॅश वर करून बाउन्स मारत, म्हणजे उजेड छतावर आपटवून खाली आणत सुटले. कापडावरून परत येणारा उजेडही गुलाबी. हळद लागलेले चेहरे शेंदरी आणि भटजींचं उपरणं फिकट गुलाबी! रॉमध्ये, म्हणजे नंतर रंग बदलता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये काढलं होतं म्हणून बरंचसं सुधारता आलं, पण तीनेकशे फोटो दुरुस्त करत दोन रात्री गेल्या. छताला रंगीत कापड असेल तर बाउन्स विसरा; फ्लॅशवर उजेड मऊ करणारा साधा डिफ्युझर लावा, आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० पर्यंत न्या आणि फोटोत थोडा दाणा, म्हणजे रवाळपणा आला तर येऊ द्या. अल्बमच्या पानावर तो कोणाला दिसत नाही. एलईडीच्या माळा आणि मागचा स्क्रीन असेल तर फोटोत आडवे पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवून बघा, बहुतेकदा पट्टे जातात. कार्डं दोन तरी हवीत. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रॉ काढलं तर ६४ जीबीच्या कार्डात दोन हजारांच्या आसपास फोटो बसतात, आणि दोन दिवसांच्या लग्नात ते कमी पडतात. अल्बम घरी पोचेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. कारण विचारू नका.

सरावाला पैसे लागत नाहीत. जानेवारीत सोलापुरात ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला सकाळीच जाऊन जागा धरा. सात नंदीध्वज आणि पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं. इतकं पांढरं समोर आलं की कॅमेरा फसतो आणि सगळं राखाडी काढतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, अर्धा-पाऊण स्टॉप (उजेडाचं माप) वर घ्यावं लागतं. भर उन्हात अक्षता हवेत गोठवायला शटर १/१००० लागतं. गर्दीत कोपर कुठं ठेवायचं आणि दोन्ही हात वर करून न बघता फोटो कसा काढायचा, हे मला कुठल्याही व्हिडिओपेक्षा तिथल्या धक्क्यांनी जास्त शिकवलं.

आणि आजीची गोष्ट. नवरीची आजी कूलरशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली. आयुष्यभर विड्या वळलेल्या बाई. बसल्या बसल्या त्यांची बोटं पदराचं टोक तसंच वळत होती, सोडत होती, पुन्हा वळत होती. मी ५० एमएम लावून, खिडकीच्या उजेडात, नुसत्या हातांचे अकरा फोटो काढले. मला स्वतःचाच अभिमान वाटला. पंधरा दिवसांनी सिलेक्शनला घरचे स्टुडिओत आले. नवरीच्या आईने हातांच्या फोटोशी थांबून विचारलं, "हे आमच्या अत्तम्मांचे, सासूबाईंचे हात. तोंड कुठाय?" मी पुढं पुढं क्लिक करत राहिले. तोंड कुठंच नव्हतं. आजीला गुडघ्यांमुळे स्टेजवर चढता येत नव्हतं, म्हणून फॅमिली फोटोतही नव्हत्या. पाठवणीच्या एका फोटोत कडेला, कोणाच्या तरी खांद्यामागे अर्ध्या दिसत होत्या. तोच मोठा करून, कापून अल्बममध्ये गेला. फुटलेला, पण गेला.

हाताचा फोटो काढू नका असं मी म्हणत नाही. तोंडाचा आधी काढा. आणि घरातला एक माणूस मागून घ्या, शक्यतो नवरीचा धाकटा भाऊ किंवा मावशी, ज्याला सगळे ओळखतात. स्टेजवर न चढणारी म्हातारी माणसं कोण आणि कुठं बसलीत, ते तो दाखवतो.

पैशाचं थोडक्यात. अण्णांनी त्याच रात्री पाचशेच्या तीन नोटा आणि रिक्षाला शंभर वर दिले. जिरे-गुळाबद्दल काहीही कापलं नाही. तुळशीच्या लग्नानंतर सीझन उघडला तेव्हा मी स्वतःची पहिली ऑर्डर घेतली. आठ हजारांत हळद आणि लग्न, नुसते फोटो, अल्बम वेगळा. ॲडव्हान्स तीन हजार. किती कार्यक्रम, अल्बमची किती शीट, पेनड्राइव्ह कधी, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या असतात. मी तोंडीच बोलले, कारण ओळखीचं घर होतं. लग्नादिवशी रिसेप्शनही 'त्यातच' धरलं गेलं आणि रात्री साडेअकराला मी कार्यालयात गार मसालेभात खात होते, जिलेबी संपलेली.

ॲडव्हान्स धरून साडेपाच हजार आले. फोटो सगळे दिले आहेत, आजी-आजोबांचेही, तोंडासकट. अडीच हजार अजून यायचेत.