एमजीबी घरात आणताय? आधी सिल बघा, मग कामं वाटून घ्या

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घराला सगळ्यांनी मिळून एखादी जुनी स्पोर्ट्स कार सांभाळायची असेल, तर एमजीबीपासून सुरुवात करावी. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. सुटे भाग आजही घरपोच येतात, आणि १९८८पासून तर अख्खी नवी बॉडीसुद्धा विकत मिळते. इंजिन १७९८ सीसीचं, साधं. पाने मात्र इंचाचे लागतात. घरातला मिलिमीटरचा सेट वापरलात तर नटांचे कोपरे गोल होतील.

मुलं लहान असतील तर रोडस्टरचा, म्हणजे उघड्या छताच्या एमजीबीचा, मोह सोडा. तिच्यात सीट दोनच, म्हणजे रविवारी कोणीतरी एक घरी रुसून बसणार. १९६५मध्ये आलेल्या जीटीला पक्कं छत आहे आणि मागे छोटा बाक आहे. तिथे मोठ्या माणसाचे गुडघे मावत नाहीत, शाळकरी मूल मावतं. बऱ्याच जीटींना मागे बेल्ट नसतात, आणि बेल्ट नसताना तीन वर्षांखालचं मूल मागे बसवणं कायद्यात बसत नाही. बेल्ट आधी लावून घ्या.

बघायला जाल तेव्हा इंजिनच्या आवाजावर भाळू नका. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं. पैसा बुडतो तो पत्र्यात. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; दाराखालचे सिल हाच तिचा कणा. सिल आतून-बाहेरून अनेक पत्र्यांचं असतं आणि गंज आतून सुरू होतो, त्यामुळे वरून रंग चकचकीत असला तरी त्याला काही अर्थ नाही. लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सिलवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग दाराची फट बघा. मागच्या कडेची फट वर निमुळती होत गेली असेल, तर गाडी मधून खचली आहे. पुढच्या चाकांमागे मडगार्डच्या आत चिखल साचतो, तिथेही बोटं घालून बघा. सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या आणि मागच्या पाटा-स्प्रिंगांचे हँगर सडतात ते वेगळंच. रोडस्टरचं सिल कापायची वेळ आली तर दाराच्या चौकटीत आधी आडवी सळई वेल्ड करून घ्या. ती न लावता कापलं तर बॉडी वाकते आणि दार पुन्हा कधीच नीट बसत नाही.

आता घरची कामं. टॅपेट लावणं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट नेमकी करणं, हे तिघांचं काम, आणि घरात सगळ्यात मजा येते ती यातच. इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग काढा, चौथा गिअर टाका; एकाने गाडी हळूहळू ढकलायची, दुसऱ्याने व्हॉल्व्हवर नजर ठेवायची, तिसऱ्याच्या हातात फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी. बेरीज नऊ आली पाहिजे: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, सहावा दाबलेला असताना तिसरा. नऊची वजाबाकी येणारं मूल हे सांभाळू शकतं. गॅप ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. रॉकरवरचा नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि गॅप बदलते, म्हणून स्क्रू पेचकसाने धरून ठेवा आणि आवळल्यावर पुन्हा मोजा.

त्यानंतर इग्निशनच्या पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५ इंच. कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. टॅपेट आणि इग्निशन नीट नसताना एसयू कंपनीच्या जोडीच्या कार्बोरेटरांशी खेळत बसलं की दिवस वाया जातो, तरी हे सगळेच करतात. इंजिन गरम करा, रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरा. दोन्हीकडचा फुसकारा सारखा यायला हवा. मग कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. आरपीएम वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडायला लागलं तर कमी; क्षणभर वाढून जागेवर आला तर बरोबर. जेटचा नट वर नेला की पेट्रोल कमी होतं. एका वेळी एकच पैलू फिरवा.

पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला दर ४,८०० किलोमीटरला ग्रीस मारायचं, एका बाजूला ग्रीस भरायची तीन निप्पल. चाक जमिनीवर टेकलेलं असेल तर ग्रीस हवं तिथे पोचत नाही, म्हणून गाडी उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर मुलांना गाडीखाली जाऊ देऊ नका. ऑइल २०डब्ल्यू-५०, फिल्टरसकट साधारण सव्वाचार लिटर. १९६७पर्यंतच्या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं असतं, तेव्हा आधुनिक रेडिओ किंवा चार्जर जोडण्याआधी वायर कुठे जाते ते बघा.

कागदपत्रं सोपी. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स शून्य, पण नोंद दरवर्षी करावीच लागते. मूळ रचनेत मोठा बदल नसेल तर एमओटी ही वार्षिक तपासणी सक्तीची नाही. तरी करून घ्या, ब्रेक दुसऱ्या कोणीतरी बघितलेले बरे. भावंडांनी मिळून गाडी घेतली तर एक गोष्ट लक्षात ठेवा: व्ही५सी या नोंदणीपत्रावर ज्याचं नाव तो रजिस्टर्ड कीपर, मालक असेलच असं नाही. कोणाचा किती वाटा ते कागदावर लिहून ठेवा. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, आणि विशीतल्या मुलांना चालवायची परवानगी त्यात आहे का ते पैसे भरण्याआधी विचारा.

पेट्रोल ई५, म्हणजे कमी इथेनॉलचं, भरा. ई१० मधलं जास्तीचं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं. आणि एखाद्या सकाळी गाडी सुरू झालीच नाही तर किल्ली फिरवून गप्प उभे राहा, मागून पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू येते का बघा. थोडा वेळ वाजून थांबली तर पंप ठीक, प्लगकडे वळा. थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी गळती आहे. टिकटिकच नसेल तर पंपाचे पॉइंट चिकटलेत. पेचकसाच्या मुठीने हलकेच ठोका, बहुतेकदा घरी पोचण्यापुरता तो चालतो.