आकडे मोठे, नेम तोच: गेमिंग माऊस घेताना या चुका टाळा

नवा माऊस घेतला तरी नेम चुकतोच, अशी तक्रार घेऊन कुणी मित्र आला की मी त्याला माऊस धरून तसंच थांबायला सांगतो आणि त्याच्या हाताकडे बघतो. करंगळी पॅडवर फरफटत असते, अंगठा आखडलेला असतो, मनगट टेबलाच्या कडेवर दाबलं जाऊन वाकलेलं असतं. सेन्सर, म्हणजे माऊसच्या बुडाशी असलेला हालचाल टिपणारा भाग, कुठला, हे विचारायची वेळ बहुतेकदा येतच नाही.

उलटंही घडतं म्हणा. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून आपण एखाद्याची यथेच्छ टिंगल करतो आणि शेवटी त्याच्या सेन्सरच्या भोकात अडकलेला एक केस निघतो. अंगण खरंच वाकडं असतं! त्यामुळे माऊस निवडताना होणाऱ्या चुका आणि माऊस बिघडला असं वाटतं तेव्हा होणाऱ्या चुका, दोन्ही इथे घेतो.

सगळ्यात मोठा डीपीआय बघून खरेदी

माऊस एक इंच सरकला की सेन्सर संगणकाला किती पावलं कळवतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. ८०० डीपीआयवर १९२० पिक्सेल रुंदीची स्क्रीन पार करायला माऊस साधारण ६ सेंटिमीटर सरकवावा लागतो. तीच स्क्रीन २६,००० डीपीआयवर दोन मिलिमीटरसुद्धा न सरकवता संपते. बटण दाबताना बोटाचा जो हलका धक्का बसतो तेवढ्यानेही पॉइंटर भरकटेल. असं कुणी खेळत नाही. खोक्यावर ठळक छापलेला तो आकडा वेगाची कमाल मर्यादा सांगतो, अचूकता नाही. त्या मर्यादेच्या आसपास तुम्ही आयुष्यात कधी जाणार नाही.

सेन्सरमध्ये बघायचंच असेल तर वेगळ्या गोष्टी बघा. हात झटक्यात फिरवला तर त्याचा माग सुटतो का? तुमच्या नकळत तो रेष सरळ करतो का? पिक्सआर्ट या कंपनीचा पीएमडब्ल्यू ३३६० हा आता जुना झालेला सेन्सर. त्याची कमाल १२,००० डीपीआय, पण तो सेकंदाला २५० इंच वेगापर्यंत माग धरतो, म्हणजे सहा मीटरहून जास्त. पॅडवर एवढ्या वेगाने हात फिरवून दाखवा! नामांकित सेन्सर असलेला कुठलाही बरा गेमिंग माऊस आज तुमच्या हातापेक्षा अचूक आहे. म्हणून सेन्सरवर फार डोकं खपवू नका. ८०० किंवा १६०० डीपीआय ठेवा आणि पुढे चला.

हाताचं माप न घेता माऊस घेणे

खरी चूक ही. चप्पल घेताना आपण पाय घालून बघतो आणि रोज तीन-चार तास हातात राहणारी वस्तू मात्र फोटो बघून मागवतो.

मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. मग बोटं जुळवून पंजाची रुंदी मोजा. माऊसची लांबी हाताच्या लांबीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असावी, असा एक ढोबळ हिशेब गेमर सांगतात. १९ सेंटिमीटरच्या हाताला त्याने साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपासचा माऊस येतो. हा हिशेब सुरुवातीपुरता ठीक आहे, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका, कारण लांबीपेक्षा पकड जास्त बोलते.

पूर्ण तळवा माऊसवर टेकवून, बोटं सपाट ठेवून धरत असाल तर ती पाम ग्रिप. हिला लांब आणि मागच्या बाजूला फुगीर माऊस लागतो, म्हणजे तळव्याला टेकायला जागा मिळते. तळव्याची फक्त मागची कड टेकलेली आणि बोटं कमानीसारखी वाकलेली असतील तर क्लॉ ग्रिप. तळवा हवेतच आणि माऊस नुसता बोटांच्या टोकांत असेल तर फिंगरटिप. फिंगरटिपवाल्याला मोठा फुगीर माऊस दिला की त्याचा उंचवटा तळव्याला आपटतो. मग खाली ओढायची हालचाल अडते आणि गोळी नेमकी डोक्याच्या वर जाते. खेळाडू मात्र महिनाभर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माऊस हलवला की खेळातला नेम किती हलावा तो आकडा, बदलत बसतो.

आपली पकड कुठली, हे आठवून सांगू नका. आठवणीतली पकड आणि अटीतटीच्या राउंडमधली पकड यांत फरक असतो. फोन बाजूला उभा करून खेळताना हाताचं रेकॉर्डिंग करा. मी स्वतःला वर्षानुवर्षं पाम ग्रिपवाला समजत होतो. रेकॉर्डिंगमध्ये दिसलं की समोर शत्रू आला की माझी बोटं आपोआप वाकतात. तोवर मी दोन मोठे माऊस घेऊन चुकलो होतो. त्यातल्या एकाला अंगठ्याखाली बारा बटणं होती. त्यातली दोन मी वापरली, बाकीची दहा चुकून दाबली.

बटणांचा खेळही बघावा लागतो. एमएमओसारख्या, म्हणजे असंख्य खेळाडू ऑनलाइन एकत्र खेळतात अशा खेळात मंत्र आणि हत्यारं बोटाशी हवीत, तिथे बाजूची बटणं उपयोगी. नेमबाजीच्या खेळात बाजूची दोन पुरतात. डावखुऱ्यांसाठी एक सूचना: दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा माऊस दोन्ही हातांचा असेलच असं नाही. बाजूची बटणं पुष्कळदा फक्त डावीकडे असतात, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी.

वजनाकडे दुर्लक्ष, नाहीतर वजनाचं वेड

शंभर ग्रॅमच्या वरचे गेमिंग माऊस एकेकाळी सर्रास असायचे. वजन जास्त म्हणजे दर्जा जास्त, असंही लोक म्हणायचे. आता वारं उलटं फिरलंय. २०२० साली आलेला लॉजिटेकचा जी प्रो एक्स सुपरलाइट ६३ ग्रॅमच्या आत होता, आणि तेव्हापासून हलकेपणाची चढाओढच लागली आहे. कमी सेन्सिटिव्हिटीवर खेळणाऱ्याला माऊस सतत उचलून मागे आणावा लागतो, त्याला हलकेपणाचा फायदा ताबडतोब जाणवतो. पण ६० ग्रॅमचा ५० वर आणायला जास्त पैसे मोजणं मला पटत नाही. सेल घालायचा वायरलेस माऊस असेल तर एक सोपी युक्ती आहे. साधा डबल ए अल्कलाइन सेल सुमारे २३ ग्रॅमचा असतो, लिथियमचा १५ च्या आसपास. सेल बदलला की आठ ग्रॅम गेले.

आणि नवा माऊस जड फिरतोय असं वाटलं तर आधी तो उलटा करून बघा. बुडाच्या गुळगुळीत पट्ट्यांवर पुष्कळदा पारदर्शक संरक्षक कागद चिकटवलेला असतो. तो काढायचा असतो. सांगायला लाज वाटते, पण मी एक माऊस दीड महिना त्या कागदासकट घासला.

विंडोजची ती एक खूण

विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ असा एक पर्याय असतो. नावावरून वाटतं की याने अचूकता वाढेल. प्रत्यक्षात हे अॅक्सिलरेशन आहे: हात हळू फिरवला तर पॉइंटर कमी जातो, झटकन फिरवला तर त्याच अंतरात जास्त जातो. ऑफिसच्या कामाला ते सोयीचं, पण नेमबाजीत हाताला अंतराची सवय लागूच देत नाही. ती खूण काढा. पॉइंटर स्पीडची पट्टी मधल्या, सहाव्या पायरीवर ठेवा. खेळात रॉ इनपुटचा पर्याय असेल तर तो चालू करा, म्हणजे खेळ विंडोजला वळसा घालून थेट माऊसकडूनच हालचाल घेतो.

अॅक्सिलरेशन गेलं की नाही, हे पट्टी घेऊन तपासता येतं. पॅडवर पट्टी ठेवा, खेळात क्रॉसहेअर, म्हणजे स्क्रीनच्या मध्यावरची नेमाची फुली, भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर आणा. माऊस वीस सेंटिमीटर उजवीकडे झटक्यात न्या आणि अगदी सावकाश मूळ जागी आणा. क्रॉसहेअर त्याच खुणेवर आला तर सगळं ठीक. बराच बाजूला राहिला तर कुठेतरी अॅक्सिलरेशन चालू आहे, किंवा झटक्यात सेन्सरचा माग सुटतोय.

माऊसच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अँगल स्नॅपिंग’ दिसलं तर तेही बंद करा. ते किंचित तिरकी रेष सरळ करून टाकतं. चित्र काढायच्या साध्या प्रोग्रॅममध्ये जराशी तिरपी रेघ ओढा. ती संशयास्पद सरळ आली तर समजा की ते चालू आहे.

दुसऱ्याची सेन्सिटिव्हिटी उसनी आणणे

नावाजलेल्या खेळाडूचा आकडा उचलून टाकला की झालं, असं वाटतं. पण डीपीआय सोडून तो आकडा निरर्थक आहे. खेळात पूर्ण गिरकी घ्यायला माऊस किती सेंटिमीटर सरकतो, हे खरं माप. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या खेळात ८०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी १ असेल तर एका गिरकीला जवळपास ५२ सेंटिमीटर लागतात. १६०० आणि ०.५ ठेवलं तरी तितकेच. व्हॅलोरंट या तसल्याच दुसऱ्या खेळात जाताना काउंटर-स्ट्राइकच्या आकड्याला ३.१८ ने भागा, नाहीतर हात अनोळखी होतो.

तुमचा पॅडच तीस सेंटिमीटर रुंद असेल आणि कोपराजवळ कीबोर्ड अडत असेल, तर बावन्न सेंटिमीटरची गिरकी तुम्हाला कशी जमणार? जागा आधी मोजा. मग खेळात दाराच्या कडेवर नेम ठेवून डावी-उजवीकडे चालत राहा आणि नेम तिथेच धरून ठेवायचा प्रयत्न करा. क्रॉसहेअर सारखा पुढे निघून जात असेल तर सेन्सिटिव्हिटी कमी करा, मागे रेंगाळत असेल तर वाढवा.

वायरलेसला दोष देणे

वायरलेस म्हणजे उशीर, हे आता जुनं झालं. स्वतःचं डाँगल (यूएसबी पोर्टला लावायचा छोटा रिसीव्हर) असलेले २.४ गिगाहर्ट्झचे चांगले माऊस तारेच्या माऊसइतकेच चपळ असतात. ब्लूटूथवर मात्र नेमबाजी खेळू नका.

पॉइंटर मधूनच अडखळत असेल तर डाँगल कुठे लावलंय ते बघा. यूएसबी ३ च्या पोर्ट आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने २०१२ साली याविषयी तांत्रिक टिपणच काढलं होतं. डाँगल कॅबिनेटच्या मागे, हार्डडिस्कच्या केबलशेजारी असेल तर बिचारं काय ऐकणार! एक्स्टेन्शन केबल लावून ते पॅडजवळ आणा. बरेच माऊस बिघडलेले नसतात, फक्त डाँगल लांब असतं.

पोलिंग रेटचंही, म्हणजे माऊस संगणकाला सेकंदात किती वेळा खबर देतो त्याचंही, थोडक्यात सांगतो. साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे ८ मिलिसेकंदांनी एकदा खबर देतो. १००० हर्ट्झवर हेच अंतर १ मिलिसेकंद होतं आणि हा फरक मोलाचा आहे. ८००० हर्ट्झवर ते ०.१२५ होतं. पण ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी एकच चित्र दाखवतो. त्याच्यापुढे ही चैन आहे, शिवाय प्रोसेसरवर ताण येतो आणि बॅटरी भराभर उतरते. ८००० वर खेळ अडखळायला लागला तर आधी १००० वर या.

बिघाड की घाण?

क्रॉसहेअर थरथरतोय, मध्येच उडी मारतोय? माऊस उलटा करा, सेन्सरच्या भोकात केस किंवा पॅडचा धागा आहे का बघा आणि कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच काढा. काचेच्या किंवा चकचकीत टेबलावर साध्या सेन्सरला पृष्ठभागाची खडबड दिसतच नाही, त्यामुळे पॅड हवाच. कापडी पॅड कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुता येतो, पण पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका. माऊस उचलताना नेम हलत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये लिफ्ट-ऑफ डिस्टन्स, म्हणजे किती उंचीवर उचलेपर्यंत सेन्सर हालचाल टिपत राहतो ते अंतर, कमी करा. एक-दोन मिलिमीटर ठीक. स्क्रोल उलटसुलट जात असेल तर बहुधा चाकाखाली धूळ आहे, हवेचा फवारा मारून बघा.

एकदा दाबलं की दोनदा क्लिक होणं हे दुखणं निराळं. बटणाखालच्या स्विचमध्ये धातूची छोटी लवचीक पट्टी असते. ती थकते, संपर्काच्या जागेवर गंज धरतो आणि एका दाबात संपर्क दोनदा जुळतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘डिबाउन्स’चा वेळ, म्हणजे एका क्लिकनंतर लगेचचा दुसरा संपर्क दुर्लक्षायची मुदत, वाढवला तर काही दिवस भागतं, पण तितका क्लिक उशिरा पोचतो. वॉरंटी असेल तर हे असं झाकत बसू नका, सरळ बदलून घ्या. ऑप्टिकल स्विचमध्ये क्लिक प्रकाशाच्या किरणावर ओळखला जातो, म्हणून हा आजार त्यांना होत नाही.

काहीही झालं तरी माऊस एकदा दुसऱ्या संगणकाला लावून बघा. तिथे नीट चालला तर दोष सेटिंगचा, पोर्टचा किंवा पॅडचा.

हात दुखतोय तरी खेळत राहणे

मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून फक्त मनगटानेच माऊस फिरवायची सवय असेल तर माऊस कितीही चांगला घ्या, हात दुखणारच. खुर्ची अशी ठेवा की कोपर साधारण काटकोनात येईल आणि हाताचा पुढचा भाग टेबलावर आडवा विसावेल. मोठी हालचाल कोपरातून आणि खांद्यातून होऊ द्या, बारीक हालचाल मनगटाने आणि बोटांनी. माऊस आवळून धरताय का, तेही बघा. राउंड संपला की अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं दिसलं तर आवळताय.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, किंवा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तो नसेवरच्या दाबाचा इशारा असू शकतो. नवा माऊस शोधत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

आणि रोज सेटिंग बदलू नका. एक डीपीआय, एक सेन्सिटिव्हिटी ठरवा, कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा आणि निदान दोन आठवडे त्या चिठ्ठीला हात लावू नका.