स्ट्रूप प्रयोग: कार्ड बनवण्यापासून निष्कर्ष लिहिण्यापर्यंत

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत स्ट्रूप प्रयोग सोपा समजला जातो. साहित्य थोडं, वेळ कमी, आणि परिणाम जवळजवळ हमखास मिळतो. नेमकं म्हणूनच तो निष्काळजीपणे केला जातो. आकडे येतात, पण ते कशाचे आहेत हे तोंडी परीक्षेत सांगता येत नाही. बहुतेक घोळ कार्डातच झालेला असतो, म्हणून सुरुवात तिथून करू.

जॉन रिडली स्ट्रूप यांनी 1935 साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. 100 रंगीत चौकोनांचे रंग सांगायला लोकांना सरासरी 63.3 सेकंद लागले. तेच रंग जेव्हा न जुळणाऱ्या शब्दांच्या शाईत होते (म्हणजे 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत) तेव्हा 110.3 सेकंद लागले. उलट, शाईकडे दुर्लक्ष करून शब्द वाचायचा असेल तर रंगीत शाईमुळे जेमतेम 2.3 सेकंद वाढले. ही विषमताच प्रयोगाचा गाभा आहे: वाचन इतकं सवयीचं झालेलं असतं की ते आपोआप घडतं, थांबवता येत नाही, रंगाचं नाव सांगायला मात्र अवधान द्यावं लागतं.

कार्डं तीन लागतात. 'अ' वर नुसत्या रंगीत फुल्या (प्रत्येक ठिकाणी चार), 'ब' वर शब्द आणि शाई जुळणारे, 'क' वर न जुळणारे. रंग चार घ्या: लाल, निळा, हिरवा, काळा. पांढऱ्या कागदावर पिवळा नीट दिसत नाही, आणि जांभळा-निळा किंवा नारंगी-लाल अशा जोड्यांत प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग करतो ती व्यक्ती) रंग ओळखण्यातच अडखळतो. मग वाढलेला वेळ हस्तक्षेपाचा (शब्दाने रंग सांगण्यात आणलेल्या अडथळ्याचा) की रंगांच्या गोंधळाचा, कळणार नाही. निळाही उजळच घ्या, गडद निळा काळ्यात मिसळतो.

प्रत्येक कार्डावर 24 नोंदी ठेवा, 6 ओळी आणि 4 स्तंभ. 24 का? चार शाया आणि प्रत्येकीसाठी न जुळणारे तीन शब्द, अशा 12 जोड्या होतात. प्रत्येक जोडी दोनदा आली की 'क' कार्ड समतोल होतं आणि प्रत्येक रंग बरोबर 6 वेळा येतो. 'अ' आणि 'ब' वरही प्रत्येक रंग 6 वेळाच हवा.

क्रम लावताना दोन पथ्यं पाळा. एकच शाई लागोपाठ येऊ नये. आणि 'क' कार्डावर आधीच्या नोंदीतला शब्द पुढच्या नोंदीची शाई असू नये. हे दुसरं सहसा सुटतं. ज्या शब्दाकडे नुकतंच दुर्लक्ष केलं, तोच रंग लगेच सांगायचा झाला तर उत्तर आणखी रेंगाळतं आणि तुमच्या वेळेत भलताच परिणाम मिसळतो. चालणारी एक ओळ अशी: लाल शाईत 'निळा', हिरव्या शाईत 'काळा', निळ्या शाईत 'लाल', काळ्या शाईत 'हिरवा'. तपासणी ओळीच्या शेवटी थांबवू नका. प्रयुक्त तिथून थेट खालच्या ओळीवर जातो.

प्रयुक्ताला आधी संमती विचारा, मध्येच थांबता येईल हेही सांगा. रंग ओळखण्यात अडचण आहे का, कार्डावरची लिपी सहज वाचता येते का, याची खात्री करा. लिपी अडखळत वाचणाऱ्यावर परिणाम कमी दिसेल, आणि तो दोष प्रयोगाचा नसेल.

सूचना सगळ्यांना शब्दशः सारखी द्या: "शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग मोठ्याने सांगायचा. डावीकडून उजवीकडे, एकही नोंद न सोडता, जमेल तितक्या लवकर. चुकलात तर तिथेच दुरुस्त करून पुढे जा." मग वेगळ्या छोट्या कार्डावर 4 नोंदींचा सराव. कार्ड पालथं ठेवा, 'सुरू' म्हणताना उलटा आणि स्टॉपवॉच चालू करा. शेवटचा रंग उच्चारला की बंद. चुका मोजायला जवळ उत्तरांची यादी असलेला दुसरा विद्यार्थी हवा. एकट्याने दोन्ही करायला गेलात तर चुका निसटतात.

काही चलाख प्रयुक्त डोळे बारीक करून अक्षरं धूसर करतात किंवा बोटाने शब्द झाकतात. असं दिसलं तर नोंदवा आणि तो प्रयत्न धरू नका. त्याच व्यक्तीकडून लगेच पुन्हाही करून घेऊ नका, सरावाने हस्तक्षेप कमी होतो.

सरावामुळेच कार्डांचा क्रमही बदलता ठेवावा लागतो. सगळ्यांना अ-ब-क असंच दिलं तर 'क' वर सराव आणि कंटाळा दोन्ही साचतात. तीन कार्डांचे 6 क्रम होतात. 12 प्रयुक्त असतील तर प्रत्येक क्रम दोघांना द्या.

हस्तक्षेप म्हणजे 'क' चा वेळ वजा 'अ' चा वेळ. अनेक वह्यांत 'क' वजा 'ब' लिहिलेलं असतं, पण ते पटण्यासारखं नाही. 'ब' वर प्रयुक्त शब्द वाचूनही बरोबर उत्तर देतो, त्यामुळे तो वेळ आधीच कमी झालेला असतो आणि फरक फुगतो. 'ब' तक्त्यात असू द्या, तुलनेचा पाया 'अ' ठेवा.

समजा पाच जणांचे फरक 8, 9, 11, 12 आणि 30 सेकंद आले. सरासरी 14 येते, पण पाचांपैकी चौघे तिच्या खालीच आहेत. अशा वेळी मध्यांक (चढत्या क्रमातला मधला आकडा), इथे 11, सोबत द्या. 30 खोडू नका. त्या प्रयुक्ताच्या चुका आणि शेरा पाहा. वेळेबरोबर चुका लिहिणं याचसाठी गरजेचं: कुणी घाई करून वेळ वाचवतो आणि चुका वाढवतो, कुणी उलट.

अहवालात स्वतंत्र चल (आपण बदलतो ते) कार्डाचा प्रकार, परतंत्र चल (आपण मोजतो ते) सेकंदांतला वेळ आणि चुकांची संख्या. प्रकाश, कार्डाचं अंतर, अक्षरांचा आकार आणि सूचना ही नियंत्रित चलं (सगळ्यांसाठी सारखी ठेवायची). निष्कर्ष तुमच्या गटापुरता लिहा. एखाद्याला जास्त वेळ लागला म्हणून त्याची एकाग्रता किंवा बुद्धी कमी, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

वेळ उरला तर नव्या प्रयुक्तांना 'अ' आणि 'क' ही कार्डं उलटी धरून द्या. उलटी अक्षरं वाचायला कष्ट पडतात, म्हणून हस्तक्षेप घटायला हवा. तसा घटला, तर अडथळा वाचनाच्या सवयीतूनच येतो या स्पष्टीकरणाला तुमच्याच तक्त्यातून आधार मिळतो.