कोकणच्या किनाऱ्यावर पक्ष्यांचे फोटो: ब्रिज कॅमेरा कसा निवडावा, कसा वापरावा

केळशीच्या खाडीवर ओहोटीला गेलात तर शंभर-दीडशे पावलांवर चिखलात कोरल हा पक्षी चरताना दिसतो. लांब, खाली वाकलेली चोच तो कुर्लीच्या बिळात मुळापर्यंत खुपसतो, कुर्ली ओढून काढतो, झटके देऊन तिचे पाय पाडतो आणि मग गिळतो. मोबाइलमध्ये हा सगळा प्रकार म्हणजे एक तपकिरी ठिपका. जवळ जावं तर पुढे गुडघाभर चिखल, आणि पक्षीही थांबत नाही.

अशा जागेसाठी मी ब्रिज कॅमेरा सुचवतो, म्हणजे लांब झूमची लेन्स कायमची बसवलेला कॅमेरा. तो मोठ्या लेन्सपेक्षा स्वस्त पडतोच, पण माझ्या दृष्टीने खरा फायदा वेगळा आहे. त्याची लेन्स निघत नाही, त्यामुळे खाऱ्या वाऱ्यात आणि उडत्या वाळूत लेन्स बदलण्याचा प्रसंगच येत नाही.

आधी पक्षी ठरवा, मग कॅमेरा

दुकानात पहिल्यांदा ‘किती एक्स’ हे सांगतात. तो आकडा फक्त गुणोत्तर असतो. बघायचे ते लेन्सचे मिमी: ते जितके जास्त, तितका लांबचा पक्षी मोठा दिसतो. 24 मिमीपासून सुरू होणारी लेन्स 83 पट झूम झाली की साधारण 2000 मिमीला पोचते. निकॉन पी950 मध्ये तेच आहे. पी1000 चा झूम 125 पट, म्हणजे 3000 मिमी. कॅनन एसएक्स70 चा 65 पट, पण तो 21 मिमीपासून सुरू होतो, म्हणून 1365 मिमी. सोनी आरएक्स10 मार्क 4 फक्त 600 मिमीपर्यंत जातो.

मग सोनी कशाला घ्यायचा? सेन्सरसाठी, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चकतीसाठी. बाकीच्या तिघांचा सेन्सर जेमतेम 6.2 × 4.6 मिमी, करंगळीच्या नखाहून लहान. सोनीचा 13.2 × 8.8 मिमी, म्हणजे क्षेत्रफळात चौपट. शिवाय पूर्ण झूमवर त्याची लेन्स एफ/4 ला उघडते; पी950 ची एफ/6.5, पी1000 ची एफ/8. हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त आत येतो. कर्नाळा किंवा फणसाड अभयारण्याच्या दाट सावलीत हा फरक लगेच जाणवतो.

माझा सल्ला असा. किनारा आणि खाडी हे तुमचं मुख्य ठिकाण असेल तर पी950. झाडीतले पक्षी जास्त आवडत असतील आणि खिसा परवानगी देत असेल तर सोनी. वजन झेपत नसेल तर 610 ग्रॅमचा एसएक्स70. पी1000 जवळपास 1.4 किलोचा आहे, आणि ऊन वाढलं की वाळूवरची हवा थरथरू लागते. मग 3000 मिमीतून पक्षी नव्हे, ती थरथर जवळून दिसते.

जुना कॅमेरा घेत असाल तर झूम टोकापर्यंत नेऊन परत आणा, निदान दहा वेळा. आवाज एकसारखा यायला हवा. मग लेन्समध्ये तिरका टॉर्च मारा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी समजा आणि तो कॅमेरा घेऊ नका. पी900 अजूनही चांगला चालतो, फक्त त्यात रॉ फाइल, म्हणजे नंतर सुधारायला सोपी पडणारी कच्ची फाइल, मिळत नाही.

घरी बसून करायची जुळणी

मेनूत जाऊन डिजिटल झूम बंद करा. त्याने पक्षी मोठा दिसतो, पण पिसाचा एक धागाही जास्त मिळत नाही. फोकसचा चौकोन सर्वांत लहान ठेवा, नाहीतर कॅमेरा पक्ष्याऐवजी पुढची काडी पकडतो. ऑटो आयएसओची (कॅमेऱ्याने आपोआप वाढवायच्या प्रकाश-संवेदनशीलतेची) कमाल मर्यादा लहान सेन्सरवर 800 ठेवा. शटरचा वेळ आपण ठरवायचा, तो शटर प्राधान्याचा मोड निवडा: बसलेल्या पक्ष्याला 1/500 सेकंद, उडत्याला 1/1600 किंवा त्याहून वेगवान.

पांढऱ्या बगळ्यावर सकाळचं ऊन असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) पाऊण स्टॉप कमी करा, नाहीतर पिसं चुन्याच्या भिंतीसारखी सपाट येतात. उजळ आभाळापुढे बसलेल्या पाणकावळ्याला उलट, एक स्टॉप वाढवून द्या.

पक्षी चौकटीत सापडणं

नवीन माणूस इथेच वैतागतो. 2000 मिमीवर खिडकी इतकी अरुंद असते की समोरच्या माडावरचा खंड्यासुद्धा हाती लागत नाही. झूम पूर्ण मागे घ्या, पक्ष्याशेजारची एखादी खूण धरा, जसं वाळलेली झावळी किंवा होडीचं टोक, तिला मधोमध ठेवून हळूहळू पुढे जा. पक्षी निसटला तर शोधत बसू नका. पी950 मध्ये लेन्सच्या बाजूला एक बटण आहे; दाबलं की झूम झटकन मागे येतो, सोडलं की होता तिथे परत जातो. बोटाला त्या बटणाची सवय लावा. घराच्या पडवीत बसून आठवडाभर चिमण्या आणि शिंजीर टिपलेत तर किनाऱ्यावरचे कित्येक तास वाचतील.

डावा तळवा लेन्सखाली, कोपरं बरगड्यांना टेकलेली. वाळूवर बसून कोपरं गुडघ्यांवर टेकवली तर आणखी उत्तम. होडीच्या काठावर किंवा गडग्यावर ठेवायला अर्धा किलो मुगाची शिवलेली पिशवी तिपाईपेक्षा सोयीची पडते.

बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढणं, जपून वापरा. पी950 सेकंदाला सात या गतीने जेमतेम दहा फोटो काढतो आणि मग कार्डावर लिहीत थांबतो. नेमकी त्याच वेळी समुद्री गरुडाने झेप घेतली तर नुसतं बघत राहावं लागतं. उडत्या पक्ष्यांच्या सरावाला हिवाळ्यात गेटवे–मांडवा बोटीइतकी चांगली जागा नाही. कुरव हे समुद्रपक्षी अगदी कठड्यालगत उडतात, झूमही फारसा लागत नाही. त्यांना गाठ्या मात्र टाकू नका. तळलेलं पीठ हे त्यांचं अन्न नव्हे.

तिथी बघून निघा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे. आपल्याकडे भरतीचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा. द्वितीयेला दीड, म्हणजे दीड वाजता पूर्ण भरती. त्यात सव्वासहा तास मिळवा, पावणेआठला ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा पोचतं, पण बेत आखायला पुरतो.

आता याला सूर्याची जोड द्या. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणून सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येतं आणि पक्ष्याच्या तोंडावर पडतं. संध्याकाळी नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात. प्रतिपदा-द्वितीयेला ओहोटी सात-आठच्या सुमाराला असते. त्यानंतर पाणी चढायला लागतं आणि चिखले, तुतवार, सुरय हे किनारी पक्षी हळूहळू तुमच्या दिशेने सरकतात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये आक्षी, आंजर्ले किंवा गुहागरला अशा सकाळी कोरड्या वाळूवर नुसतं बसून राहा. पक्षी येतात, तुम्हाला जावं लागत नाही. थव्यात धावत जाऊन तो उडवू नका. पुढच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्यात फुकट जाते.

वाळू, मीठ, बुरशी

माझ्या पहिल्या कॅमेऱ्याचा झूम वाळूच्या एका कणाने गेला. ओला टॉवेल आणि कॅमेरा एकाच पिशवीत ठेवले होते; दुसऱ्या दिवशी लेन्स अर्ध्यावर कर्रकर्र करत अडकली. झूम आतबाहेर होताना हवा खेचतो आणि हवेबरोबर वाळूही. म्हणून किनाऱ्यावर कॅमेरा गळ्यात किंवा बंद पिशवीत, तिसरी जागा नाही. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मऊ फडकं, मग कोरडं. कोरड्या फडक्याने आधीच पुसलंत तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात.

पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे खडे गुलाबी झाले की मंद तव्यावर परतून पुन्हा निळे करा. कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीत ठेवू नका. ओल तिथेच धरते.

पण त्याच पावसात तिबोटी खंड्या येतो, आणि त्याच्यासाठी डबा उघडावाच लागतो. पऱ्ह्याकाठच्या (ओढ्याकाठच्या) अंधारात लहान सेन्सरला 1/60 सुद्धा जड जातं. कॅमेरा मुगाच्या पिशवीवर टेकवा, पक्षी निश्चल बसेल तेव्हा चार-पाच फोटो घ्या. फ्लॅश नको, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणं नको. दरडीतल्या बिळाकडे यायचं सोडून तो चोचीत सापसुरळी धरून फांदीवर ताटकळत बसला, तर तुम्ही फार जवळ आहात. उठा, आणि तो आत जाईपर्यंत मागे सरत राहा.